दादाची घोडी

"प्रश्न पुरता वाचा, मग उत्तर लिहा," असे मी गेली वीस वर्षे वर्गातल्या मुलांना बजावत आलो आहे. अर्धा प्रश्न वाचून पानभर उत्तर लिहिणाऱ्या मुलाची मी कधी गय केली नाही. पण २०१९ च्या दिवाळीच्या सुटीत मी स्वतःच एक वाक्य अर्धे ऐकले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ती हकीकत सांगायची तर आधी एका घोडीची ओळख करून दिली पाहिजे.

माझा थोरला भाऊ मोटारी दुरुस्त करतो. कोल्हापुरात आमचे दोन गाळ्यांचे गॅरेज आहे. 'आमचे' म्हणतो खरा, पण त्यात माझे काही नाही. वडील गेले तेव्हा दादा आठवीत होता. तो शाळा सोडून एका मिस्त्रीच्या हाताखाली गेला, म्हणून मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. त्या त्याने वाचल्या की नाही हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही. सुटीत मात्र मी त्याच्या गॅरेजात जाऊन बसतो. पाना दे म्हटले की पाना देतो, बॅटरी धर म्हटले की बॅटरी धरतो.

इंजिन उतरवून पुरते खोलायचे तर ते जमिनीवर ठेवून भागत नाही. त्याला सगळ्या अंगांनी हात पोचला पाहिजे. कधी उताणे, कधी पालथे, कधी कुशीवर वळवता आले पाहिजे. त्यासाठी जो लोखंडी स्टँड असतो, त्याला आमच्या गॅरेजात घोडी म्हणतात. एक उभा खांब, खांबाच्या डोक्याशी आडवी नळी, त्या नळीत फिरणारी दुसरी नळी आणि तिच्या तोंडाशी चार हात असलेली जाड तबकडी. इंजिनाच्या पाठीमागे जिथे गिअरबॉक्स बसतो, तिथल्या भोकांत बोल्ट आवळून इंजिन या चार हातांना अडकवायचे. मग ते अधांतरी राहते. हवे तसे फिरवावे आणि दोन्ही नळ्यांच्या भोकांतून आरपार एक पिन घालावी. इंजिनाने पुन्हा फिरू नये याची सगळी जबाबदारी त्या बोटभर पिनेवर.

दादाने ही घोडी बाजारातून विकत आणलेली होती. खाली तीनच चाके, दोन खांबाशी आणि एक पुढे. तीही इतकी लहान, की फरशीवर वॉशर पडलेला असला तरी घोडी अडखळायची.

त्या दिवशी तिच्यावर पद्मिनीचे इंजिन होते. चार सिलिंडरांचे, १०८९ सी.सी.चे, ओतीव लोखंडी ब्लॉकचे. या गाड्या बनायच्या थांबल्या त्याला बरीच वर्षे झाली; मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पण ती जिवापाड जपणारे हौशी मालक अजून आहेत, आणि ते दादाकडे येतात.

हेड उतरले होते. खालचे चेंबर काढायचे म्हणून इंजिन अर्धे वळवून कुशीवर आणले होते. क्रँकची जड बाजू आडवी झाली होती. ती खाली यायला बघत होती आणि पिन तिला अडवून धरत होती. आता ते पुरते पालथे करायचे. मी पिनेशी हातोडी घेऊन उभा, आणि दादा तबकडीचा एक बोल्ट चाचपत होता. तो म्हणाला, "थांब. काढ म्हटलं की काढ."

मागे कुणी तरी पत्र्यावर ठोकत होते. मला ऐकू आले ते 'काढ' एवढेच. मी ठोका मारला. पिन निसटली, जड बाजू धाडकन खाली आली, घोडी एका चाकावर कलली आणि तबकडीचा हात व खांब यांच्यामध्ये दादाचे बोट सापडले.

उजव्या हाताच्या तर्जनीचे पहिले पेर गेले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "इंजिन पडलं न्हवं न्हवं?"

ते बोट नुसते बोट नव्हते. सिलिंडर किती झिजला आहे हे दादा आधी बोटाने बघतो, माप मागाहून लावतो. पिस्टन वर जाऊन जिथून परततो, तिथे वरची रिंग घासून सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तिथे मूळची कड शिल्लक राहते. त्या कडेला नख किती अडते यावरून दादा सांगायचा, नुसत्या रिंगा बदलून भागेल की बोअरिंग करावे लागेल. ते नख आता नव्हते.

मी त्याला म्हणालो, "दादा, चूक माझी." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुझं अर्धं ऐकायचं चुकलं. पण पिन निघाली म्हणून ते फिरलंच कसं? घोडीचं चुकतंय."

मला वाटले, माझे मन राखायला बोलतो आहे. पण २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. माझी शाळा बंद आणि त्याचे गॅरेजही बंद. तेव्हा त्याने घोडी परसात ओढून घेतली आणि ग्राइंडरने तिचे पाय कापले. पडून असलेल्या चॅनेलचा रुंद पाया केला, खाली हाताएवढी चार चाके लावली, त्यातल्या दोहोंना ब्रेक. खांब आणि पाया यांच्या कोनात तिरपे टेके जोडले. आडव्या नळीला त्याने समोरून किंचित वर उचलले; इंजिनाच्या भाराने ती वाकते, तेव्हा भार पडल्यावर ती सरळ यावी म्हणून.

फिरवण्याचे काम अवघड होते. पहिल्यांदा त्याने एक जुना स्टिअरिंग बॉक्स लावून पाहिला. पण तो पुरता फेरा घेत नाही, मध्येच अडतो. दुकाने उघडल्यावर उद्यमनगरातल्या भंगारातून त्याने वर्म गिअरचा डबा आणला. हँडलच्या ४० फेऱ्यांना नळीचा १ फेरा. म्हणजे २० फेऱ्यांत इंजिन उताण्याचे पालथे. त्याची मोठी खुबी अशी, की हँडल फिरवले तर इंजिन फिरते, पण इंजिनाच्या वजनाने हँडल फिरत नाही. तबकडीला त्याने उभ्या खाचा पाडल्या. त्यांत इंजिन वरखाली सरकवून बघायचे, तराजूचा काटा मध्यावर यावा तसे. मग जड बाजू अशी उरतच नाही. बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेलेच वापरायचे. एवढे करून त्याने पिनेचे भोकही राहू दिले. "गिअरवर भरवसा हाय," तो म्हणाला, "पण पिन पण असू दे."

त्याच दिवाळीत त्याने मला बोलावले. घोडीवर पुन्हा एक पद्मिनीचे इंजिन होते, कुशीवर वळवलेले. माझ्या हातात हातोडी देऊन तो म्हणाला, "काढ." त्याचा हात तबकडीवरच होता. मी म्हणालो, "हात काढ आधी." तो म्हणाला, "काढ म्हटलं न्हवं?"

माझा हात उचलेना. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी मी ठोका मारला. पिन फरशीवर पडून वाजली. इंजिन तसूभरही हलले नाही.

शाळा उघडल्यावर तोंडी परीक्षेत एका पोराने अर्धाच प्रश्न ऐकून उत्तर द्यायला सुरुवात केली. माझा आवाज चढला होता. पण मी थांबलो, आणि तोच प्रश्न दोन तुकडे करून पुन्हा विचारला. त्याला उत्तर येत होते.

त्या दिवशी दादाने २० फेऱ्यांच्या हिशेबाने इंजिन उताणे केले. मग मला जवळ ओढून म्हणाला, "बोट घाल आत. वरच्या अंगाला." मी तर्जनी सिलिंडरमध्ये घातली. तेलकट, गार, गुळगुळीत; आणि मग नख अडले.

"लागली कड?"

"लागली."

"चारी बघ. नीट बघून सांग," दादा म्हणाला, आणि वहीत लिहायला पेन्सिल शोधू लागला.