आधी राज्याभिषेक, मग रामजन्म!

गीतरामायण आपणां सर्वांना माहीत आहे. ते ग. दि. माडगूळकर यांनी लिहिले व सुधीर फडके यांनी त्याला चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमी होती. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवर पहिले गीत लागले. मग दर आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालले. त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून गीते ५६ झाली. त्यांत रामाची गोष्ट ओळीने आहे. म्हणून ती ओळीनेच ऐकावी लागतात.

माझ्या आजीला डोळ्यांनी फार कमी दिसते. तिला पोथी वाचता येत नाही. माझे काका छत्रपती संभाजीनगरला शहागंजात राहतात. त्यांनी आजीसाठी एक छोटा स्पीकर घेतला आणि एका दुकानातून कार्डावर सगळी गीते भरून आणली. दुपारी शेजारच्या बायका पण ऐकायला आल्या.

पहिले गीत बरोबर लागले. मग एकदम विश्वामित्र रामाला घेऊन मिथिलेला निघाले. चौथ्या गीतात तर सीतेचं लग्न पण झालं! आजी म्हणाली, "अगं बाई, लेकराचा अजून जन्म नाही आन् लग्न कसं लागलं?" आम्ही लई हसलो. पण आजी हसली नाही. कोणतं बटण दाबायचं ते तिला दिसत नाही. दोन दिवसांनी ती म्हणाली, "ठेवून दे बाबा तो डबा." बायका पण यायच्या बंद झाल्या. मला फार वाईट वाटले.

रविवारी आम्ही आजीला घेऊन एस.टी.ने शहागंजला गेलो. तिथे घड्याळाचा उंच मनोरा आहे व मोठा बाजार भरतो. माझा चुलतभाऊ कॉलेजात शिकतो. त्या दादाने कार्ड कॉम्प्युटरला लावले आणि मला समजावून सांगितले.

गाण्याचा नंबर दोन जागी असतो. एक फाईलच्या नावात असतो. दुसरा फाईलच्या आत असतो. त्या आतल्या माहितीला टॅग म्हणतात. टॅगमध्ये गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि ट्रॅक नंबर असतो. आमची गीते वेगवेगळ्या सीडींवरून घेतलेली होती. प्रत्येक सीडीचा नंबर १ पासून सुरू होतो. त्यामुळे टॅगमध्ये १ नंबरची कितीतरी गीते झाली. दोन वर्ग एकत्र बसवले तर हजेरीला दोन मुलं "एक नंबर हजर" म्हणतील, तसंच ते.

फाईलच्या नावात १ ते ५६ नंबर बरोबर होते. पण दुकानातल्या यंत्राने ते शब्दकोशासारखे लावले. शब्दकोशात आधी पहिलं अक्षर बघतात. तसं यंत्राने पहिला आकडा बघितला. म्हणून १ नंतर १० ते १९ आले आणि मग २ आला. मी वहीत मांडून पाहिलं. रामजन्माचे गीत खरे ६वे आहे, ते ५३वे झाले होते. म्हणजे राज्याभिषेक आधी आणि जन्म मागून!

मग दादाने सगळ्या गीतांची एक प्रत वेगळी ठेवली. तो एकेक गीत थोडं वाजवायचा आणि आजी लगेच त्याचा नंबर सांगायची. ५६च्या ५६ तिला पाठ! दादाने एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रामने टॅगमध्ये ०१ पासून ५६ पर्यंत नंबर घातले. फाईलच्या नावात पण एकआकडी नंबरापुढे शून्य दिले. शून्य दिल्यावर ०२ हा १० च्या आधी येतो. शेवटी कार्ड पुसून गीते एकेक करून ओळीने भरली. कारण आमचा स्पीकर नाव पण बघत नाही आणि टॅग पण बघत नाही. जे आधी भरलं ते आधी वाजवतो. काकांचा फोन मात्र टॅग बघतो. आता दोन्हींत गोष्ट ओळीने लागते. दुपारी आमच्या ओसरीवर बसायला जागा पुरत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी भजनं, पोवाडे किंवा कथा उलटसुलट वाजत असतील तर यंत्र बिघडलं म्हणू नका. आधी नाव बघा, मग टॅग बघा, मग भरण्याचा क्रम बघा. आणि खरा क्रम कोणता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. यंत्राला आकडे कळतात, पण गोष्ट आजीलाच माहीत असते.