हप्ता दुकानाचा, जोखीम घराची

विम्याची गोष्ट निघाली की आपल्या घरांतून दोन प्रकारची माणसे आढळतात. एकास विमा म्हणजे पैशाचा अपव्यय वाटतो. दुसऱ्यास एकदा हप्ता भरला की सर्व संकटे टळली असे वाटते. आमच्या मते दोघेही सारखेच फसतात, आणि हे मत आम्हांस घरातल्याच एका व्यवहाराने शिकविले आहे.

आमचा एक पुतण्या अमरावतीस लहानशी परमिट रूम चालवितो. या धंद्याचे नाव निघताच आमच्याकडील वडीलधारी मंडळी अजूनही विषय बदलतात. परंतु धंद्याचे कर्ज काढले आहे ते अकोल्याच्या वडिलोपार्जित घराच्या तारणावर. तेव्हा दुकानास आग लागली, तर तिची झळ देवघरापर्यंत पोचणार हे उघड आहे. विषय बदलल्याने जोखीम बदलत नाही.

वऱ्हाडास आगीचे भय नवे नव्हे. कापसाच्या जिनात एक ठिणगी साऱ्या हंगामाची राख करते, हे येथील पोरासोरांसही ठाऊक असते. परमिट रूमची गत फारशी निराळी नाही. स्वयंपाकघरात गॅस, कपाटात मद्य, अहोरात्र चालणारी शीतयंत्रे, आणि पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे नेणारा आमचा वैशाख!

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात छतातील विजेच्या तारांनी पेट घेतला. सुदैवाने माणसे बचावली; पण फर्निचर व माल मिळून चार लाखांचे नुकसान झाले. विमा कंपनीने दिले दोन लाख. चिरंजीव संतापले, कंपनीने लुबाडले, असे म्हणू लागले. आम्ही विम्याचे कागद मागवून वाचले, तेव्हा उलगडा झाला. मालमत्ता होती ४० लाखांची, आणि हप्ता कमी बसावा म्हणून विमा उतरविला होता २० लाखांचा!

येथे विम्याचा एक नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. निम्म्या किमतीचा विमा उतरविला, तर उरलेल्या निम्म्या जोखमीची विमा कंपनी आपण स्वतःच होतो. नुकसान कितीही लहान असो, भरपाई त्याच प्रमाणात मिळते. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांकरिता ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या नावाची पॉलिसी निघाली आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असल्यास ती घेता येते, आणि तिच्यात शेकडा १५ पर्यंतची उणीव क्षम्य मानली जाते. शेकडा ५० ची उणीव कोण क्षम्य मानील?

आता या काटकसरीचा हिशेब पाहा. दर हजारी दोन रुपये धरला, तर २० लाखांवर वाचले ४,००० रुपये. शेकडा १८ कर मिळविला तर ४,७२०. एवढ्यासाठी बुडाले दोन लाख. असे चाळीस वर्षांचे वाचविलेले हप्ते एकत्र केले, तरी ती खोट भरून निघत नाही.

‘आग लागलीच नाही, तर हप्ता फुकट गेला’, असे आमचे काका म्हणतात. परंतु वर्षभरात चोर आला नाही, म्हणून राखणदाराचा पगार कोणी परत मागतो काय?

तथापि दुसऱ्या प्रकारच्या गृहस्थांसही सांगितले पाहिजे, की विमा हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. वरील पॉलिसीत आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगा यांपासून होणारे नुकसान येते. एरवीची घरफोडी, गल्ल्यातील रोकड, नोकराचा अपघात, गिऱ्हाइकास झालेली इजा यांसाठी वेगळी तरतूद करावी लागते. आणि सरकारी हुकुमाने दुकान बंद पडले, तर ही पॉलिसी काहीच देत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आतील मद्यविक्रीस बंदी केली. १ एप्रिल २०१७ रोजी कित्येक दुकानांना कुलपे लागली. पुढे जुलैत शहरांच्या हद्दीपुरता खुलासा झाला, परंतु मधल्या काळातील भाडे व पगार कोणी भरून दिले नाहीत. २०२० च्या टाळेबंदीतही तोच अनुभव आला. अशा वेळी कामास येते ती पदरची गंगाजळीच.

म्हणून आमच्या घरी आता एक शिरस्ता ठरला आहे. मार्चअखेर परवान्याचे नूतनीकरण असते. त्यापूर्वी पुतण्याने दुकानातील खुर्चीपासून बाटलीपर्यंत सर्वांची आजच्या भावाने यादी करावी, आणि ती घरातील वडील मंडळींसमोर वाचावी. पहिल्या वर्षी काकांनी अर्ध्यावर कान झाकले. यंदा त्यांनीच विचारले, ‘नव्या शीतयंत्राची किंमत धरलीस ना?’

धंदा पसंत असो वा नसो, ज्याच्या पाठीशी घर उभे आहे त्याचा हिशेब घराने ऐकलाच पाहिजे.