सशाच्या तोंडी किड्याचे संवाद

डबिंग म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. इंग्लंडमधल्या डर्बीशरला राहायला आल्यावर शेजारच्या आजोबांकडून हा शब्द ऐकला तेव्हा मलाही तेच वाटलं. पण त्यांच्या टेबलावर निघाली सशाच्या तोंडाची वाळवलेली कातडी, कानांसकट. शेजारी मेणाची गोळी, रेशमाचं रीळ आणि तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा गळ. ट्राउट माशाला भुलवायची खोटी माशी बांधायची, तर तिचं अंग प्राण्यांच्या केसांचं. मेण लावलेल्या दोऱ्यावर केस चिमटीने पिळायचे आणि तो दोरा गळावर गुंडाळायचा. हेच डबिंग.

ती चिमूट पाहिली आणि मला आजी दिसली. देवाच्या वाती वळताना तिची बोटं अशीच एका दिशेने फिरायची. मेणाऐवजी तिच्या बोटांना राख असे, एवढाच फरक. "कापूस थोडा घे गं," ती म्हणायची. आजोबाही तेच म्हणतात, "अजून कमी घे."

खरी परीक्षा मात्र निवडीची. बहुतेक कातड्यांवर दोन थर असतात: वर राठ केस, खाली मऊ लव. माशी पाण्यावर तरंगायला हवी, तर लव पाण्यातल्याच प्राण्याची घ्यावी; बीव्हरची किंवा मस्करॅटची. गार पाण्यात हवा धरून ठेवण्यासाठीच ती इतकी दाट वाढलेली असते. मिशिगनच्या लेनर्ड हॅलाडे यांनी 1922 साली बांधलेल्या 'ॲडम्स' माशीचं करडं अंग मस्करॅटचंच. अगदी नाजूक माशीला चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल या प्राण्याची लव. बिळात पुढेमागे सरकावं लागतं म्हणून ती कुठल्याही बाजूला मखमलीसारखी लवते. मेंढ्याचीही एक गंमत आहे. डेव्हनच्या एका प्रसिद्ध माशीत त्याच्या अंडकोशावरची लोकर असे आणि ही कृती बरीच वर्षं गुपित ठेवली होती.

आणि ससा? त्याच्या तोंडावरचे केस आखूड, ताठ, अंगात ठिपके असल्यासारखे. पिळले तरी चार बाहेर येतातच. ही अवज्ञाच कामाची. तळाशी बुडणाऱ्या माशीत तेच केस पाय होतात, कल्ले होतात. सोनेरी तारेने आवळलेली 'हेअर्स इअर' नेमकी कोणत्या किड्याची नक्कल, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. मक्षिकास्थाने मक्षिका ठेवणाऱ्याला ही माशी कधी जमायची नाही.

रंग पाहायचीही रीत आहे. डव्ह नदीकाठच्या चार्ल्स कॉटनने 1676 सालीच लिहून ठेवलंय की डबिंगच्या केसांचा रंग पारखायचा तर ते डोळा आणि सूर्य यांच्यामध्ये धरावेत. तरंगणारी माशी माशाला खालून दिसते, मागे आभाळ घेऊन. शिवाय भिजल्यावर रंग गडद होतो. कोरड्या लवेला भुलून उपयोग नाही. मी चिमूटभर ससा ओला करून खिडकीशी धरला, तर मघाचा धुळकट गुंता मधाळ तांबूस निघाला.

तरी माझी पहिली माशी फारच नीटस झाली, तेल लावून वेणी घातल्यासारखी. आजोबांना मी आमच्याकडच्या डबिंगचा अर्थ सांगितला होता. ते माशीकडे बघत म्हणाले, "हिचे ओठच हलत नाहीत." मग त्यांनी सुई घेतली आणि माझ्या तासाभराच्या मेहनतीतून एकेक केस निर्दयपणे उपसून काढला. माशी पार विस्कटली. ती दोऱ्याला बांधून त्यांनी पाण्याच्या ग्लासात सोडली.

विस्कटलेला केसन् केस हलू लागला.