बांग, भैरव आणि दूरचित्रवाणीचा कान

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी 'होमलँड' ही अमेरिकन मालिका पाहत बसले होते. आई आतल्या खोलीत पडली होती. पडद्यावर कोणत्याशा अरब शहराचे उंचावरून टिपलेले दृश्य आले आणि त्याच्याखालून बांगेचा आवाज येऊ लागला. आई उठून दारात आली आणि म्हणाली, "काय गं, कुठे काही झालं का? बॉम्बबिंब?" "मालिका आहे, आई," मी म्हटले. "मग ठीक," असे म्हणून ती पुन्हा जाऊन पडली.

हा प्रसंग इथेच संपावयाचा. पण मला तो संपवता आला नाही. कारण रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात पहाटेची बांग हे याच बाईचे घड्याळ होते. बांग झाली की ती बंब पेटवी. "बांग झाली, उठा," हे आम्हां भावंडांना उठवण्याचे तिचे ठरलेले वाक्य. त्या अरबी शब्दांचा अर्थ तिला कधी कळला नाही, परंतु तो आवाज तिच्या ओळखीचा होता. "आज बांगीचा घसा बसलाय," असे ती शेजारच्या माणसाविषयी बोलावे तसे बोले. तोच आवाज शहरातल्या सदनिकेत, दूरचित्रवाणीच्या पेटीतून कानी पडला तेव्हा तिला बॉम्ब आठवला. या दोन ऐकण्यांच्या मध्ये काय घडले असावे, हा या टिपणाचा विषय आहे.

रोलां बार्थने 'मिथॉलॉजीज'मध्ये (1957) आधुनिक मिथकाची जी मीमांसा केली, ती इथे उपयोगी पडते. चिन्हक आणि चिन्हित यांच्या संयोगातून चिन्ह सिद्ध होते. मिथक हे सिद्ध चिन्हच उचलते, त्याचा आशय पातळ करते आणि दुसऱ्या पातळीवर त्याला नुसते चिन्हक म्हणून राबवते. बांग हे मूळचे पूर्ण चिन्ह आहे. ते बोलावणे आहे, आणि बोलावण्याला ऐकणारा लागतो. हेरमालिकांतील बांग कोणालाच बोलावत नाही. तिच्या हाकेने कोणी दुकानाचे फळकूट लावत नाही, कोणी हातपाय धूत नाही. 'आता आपण धोक्याच्या प्रदेशात आलो', एवढेच ती सांगते. बार्थचा बारकावा असा की, मिथकात मूळ अर्थ समूळ नष्ट होत नाही. तो अंतरावर ठेवला जातो, हवा तेव्हा वापरण्यासाठी. बांगेतला धर्म म्हणूनच पडद्यावर शिल्लक राहतो, पण केवळ भीतीला वजन यावे म्हणून.

मिशेल शियाँ या फ्रेंच अभ्यासकाने ध्वनी आणि प्रतिमा एकमेकांना जे मूल्य बहाल करतात त्याचा विचार 1990 मध्ये मांडला. ध्वनीने दिलेला अर्थ प्रेक्षकाला प्रतिमेचाच अंगभूत अर्थ वाटतो. याची उलट बाजू मला आईच्या प्रश्नात दिसली. प्रतिमेने ध्वनीला दिलेला अर्थ प्रतिमा दूर झाल्यावरही ध्वनीला चिकटून राहतो. आईने पडदा पाहिलाच नव्हता.

हीच प्रक्रिया स्वरांच्या बाबतीत अधिक सूक्ष्मपणे घडते. पाश्चात्त्य पडद्यावर वाळवंट आले की जी सुरावट ऐकू येते, तिचा कणा बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे 'हिजाज' या मकामातील चार स्वर. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम. मराठी वाचकाला हे स्वर परके नाहीत. भैरवाचे पूर्वांग हेच आहे. आपल्याकडे ते पहाटेचे, देवघराचे, भूपाळीच्या अंगाने जाणारे स्वर होत. बसंतमुखारीला 'हिजाज भैरव' असेही म्हणतात, तेव्हा या नात्याची जाण आपल्या गवयांना होतीच. रि आणि ग यांमधले तेच अंतर एका परंपरेत प्रभात सुचवते आणि दुसऱ्या ठिकाणी दहशत. स्वरात दोन्ही नाहीत. दोन्ही ऐकणाऱ्याच्या संस्कारात आहेत.

मग अरबी संगीतातल्या इतक्या मकामांमधून हिजाजच का निवडला गेला? याचे उत्तर काही अंशी वाद्याच्या रचनेत आहे. 'रास्त', 'बयाती', 'सिकाह' या मकामांत कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध पडणारे स्वर लागतात, आणि ते पियानोच्या पट्ट्यांत नाहीत. हिजाज मात्र थोडी ओढाताण करून बारा पट्ट्यांत बसतो. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हा आपल्याकडे झालेला श्रुतींचा वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय या साच्याला इतिहासही आहे. 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात 'कैरोतील रस्ता' उभारला होता. त्या प्रदर्शनाच्या करमणूक विभागाचा व्यवस्थापक सोल ब्लूम याने आपण पियानोवर सहज सुचलेली एक चाल वाजवली, असे पुढे सांगितले. तीच चाल शंभर वर्षे व्यंगचित्रपटांतून गारुडी, उंट आणि नर्तकी यांच्या सोबतीने वाजत राहिली. पूर्वेची म्हणून ओळखली जाणारी ही धून पाश्चात्त्य पियानोवरून लोकप्रिय झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अलीकडे तिची जागा 'दुदुक' या सुषिर वाद्याच्या दीर्घ, सुस्काऱ्यासारख्या स्वराने घेतली आहे. दुदुक हे आर्मेनियाचे, म्हणजे प्राधान्याने ख्रिस्ती असलेल्या समाजाचे वाद्य. पण त्याला पडद्यावर सबंध पश्चिम आशियाचे मुखत्यारपत्र मिळाले आहे.

'अरबी आणि इस्लामी संगीत' हा शब्दप्रयोगही तपासून घेतला पाहिजे. कुराणपठण आणि बांग यांत मकामांचा कितीही सुंदर वापर असला, तरी परंपरा त्यांना 'मुसीकी' म्हणत नाही. उलट, ज्याला निःसंशय संगीत म्हणावे त्याचा मोठा भाग केवळ मुसलमानांचा नाही. 1932 मध्ये राजा फुआद याच्या आश्रयाने कैरोत अरबी संगीताची परिषद भरली. बार्टोक आणि हिंडेमिट तिला हजर होते. तिथे इराकहून आलेल्या मुहम्मद अल्-कुब्बांजी या गायकाचे साथीदार बहुतेक ज्यू होते. पुढील काळातली फैरूझ ही लेबनॉनची ख्रिस्ती गायिका. ही सरमिसळ पडद्याला परवडत नाही, कारण एका सुरात एक शत्रू ओळखता आला पाहिजे.

इथवरचे विवेचन मी वर्गात अनेकदा केले आहे आणि ते करताना स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर ठेवले आहे. ते प्रामाणिक नव्हते. शाळेत माझी एक कोकणी मुसलमान मैत्रीण होती. तिचे चाचा कुवेतला नोकरीला होते. 1990 च्या आक्रमणानंतर ते दोन बॅगा घेऊन परतले, त्यांतल्या एकीत काही कॅसेटी होत्या. त्यांतली एक उम्म कुल्सूमची, 'इन्ता उमरी' या 1964 मधल्या गाण्याची. चाचा डोळे मिटून ऐकत. एक बाजू संपली तरी गाणे संपेना. गायिका एकच ओळ पुन्हा पुन्हा घेई, दर वेळी श्रोत्यांतून हुंकार उठत आणि आम्ही दोघी कंटाळून अंगणात पळत असू. पुढे 1993 मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'अलिफ लैला' सुरू झाली. तिचे रवींद्र जैन यांचे संगीत मात्र आम्हांला लगोलग 'अरबी' वाटले, आणि खरोखर अरबी असलेली कॅसेट कंटाळवाणी.

एडवर्ड सैद यांचे 'म्युझिकल इलॅबोरेशन्स' (1991) वाचताना मला याच कंटाळ्याची गाठ पुन्हा पडली. बालपणी कैरोत उम्म कुल्सूमची मैफल ऐकताना आपण कंटाळलो होतो, हे सैद सांगतात; तिच्या गाण्यातील पुनरावृत्ती आणि विस्तार यांचे मोल त्यांना पुष्कळ उशिरा उमगले. ज्याने 'ओरिएंटॅलिझम' लिहिले, त्याचाही कान आधी पश्चिमेच्या शिकवणीत तयार झाला होता. दृष्टीचे पूर्वग्रह वाचनाने दुरुस्त होतात. कानाचे मात्र फार सावकाश.

चाचा ज्यात बुडून जात, त्याला अरबीत 'तरब' म्हणतात. ती केवळ गाण्यात नसते. गाणारा, जाणता श्रोता आणि वेळ या तिन्हींतून ती घडते. मैफल 'रंगली' असे आपण म्हणतो, त्याच्या अगदी जवळची ही कल्पना आहे. उम्म कुल्सूमच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या मैफली कैरो नभोवाणीवरून कित्येक दशके प्रसारित होत. एकेक गाणे तासाभराचे, कधी त्याहून मोठे. हेरमालिकेत या परंपरेच्या वाट्याला काही सेकंद येतात, पण वेळेपेक्षा मोठी हानी श्रोत्याची होते. तिथे अरबी स्वर मन लावून ऐकणारा कोणी नसतो, आणि असला तर तो संशयित ठरतो. 'होमलँड'चा नायक ब्रॉडी गॅरेजमध्ये लपून नमाज पढतो, आणि ते लपणे हाच त्याच्यावरील संशयाचा आधार होतो.

दोष दूरचित्रवाणी या माध्यमाचाच आहे, असे मात्र म्हणता येत नाही. इजिप्तच्या दूरचित्रवाणीवर चालू कार्यक्रम थांबवून बांग दिली जाते आणि रमजानात संध्याकाळच्या बांगेवर घरोघर उपास सुटतात. 1999 च्या रमजानात उम्म कुल्सूमच्या चरित्रावरची मालिका तिथे दाखवली गेली. 2013 मध्ये गाझाचा मुहम्मद अस्साफ 'अरब आयडॉल' जिंकला. स्पर्धेचा साचा ब्रिटिश होता, पण गाणे आणि ते ऐकणारे आपापल्या जागी होते. पेटी तीच. फरक पडला तो पेटीसमोर कोण बसले आहे असे ती गृहीत धरते, याने.

'होमलँड'च्याच पाचव्या पर्वात 2015 मध्ये निर्वासितांच्या छावणीचा देखावा सजवण्यासाठी अरबी भित्तिलेखन करणारे कलावंत बोलावले होते. त्यांनी भिंतींवर 'होमलँड वर्णद्वेषी आहे' अशा अर्थाची वाक्ये लिहिली आणि ती तशीच प्रसारित झाली. कोणी ती वाचलीच नव्हती. अरबी लिपी ही त्यांच्या लेखी नक्षी होती. अरबी स्वरांचेही हेच झाले आहे. फक्त स्वरांना असा सूड घेता येत नाही.

त्या रात्रीचा एक तपशील मी वर सांगितला नाही. बांग सुरू होताच माझा हात आवाज कमी करण्याकडे गेला होता. खिडक्या उघड्या होत्या आणि शेजाऱ्यांनी काय समजावे, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. आई नंतर दारात आली. तिचा प्रश्न अजाणतेपणाचा होता, माझी कृती जाणतेपणाची. बार्थ आणि सैद शिकवून आलेला हात तो.

तरीही आईच्या कानात दोन अर्थ आहेत. गावी गेल्यावर आजही ती बांगेने जागी होते. तिथे तिला बॉम्ब आठवत नाही. मिथकाने तिचे मूळ चिन्ह पुसलेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. बंद खिडक्यांच्या खोल्यांत वाढलेल्या अनेकांनी हा आवाज प्रथम पडद्यावरच ऐकला. त्यांच्यापाशी अंतरावर ठेवण्यासाठी पहिला अर्थच नाही. आपली चिन्हमीमांसा दुसरी पातळी उलगडून दाखवते. पहिली पातळी मात्र ती निर्माण करू शकत नाही.

गेल्या सत्रात मी वर्गात सिद्धांत बाजूला ठेवून 'इन्ता उमरी' पूर्ण लावले. अर्ध्या तासाने बरेच जण उठून गेले. मी त्यांना अडवले नाही. मीही एकदा अशीच अंगणात पळाले होते. शेवटपर्यंत सातजण बसले होते. एका ओळीच्या चौथ्या की पाचव्या आवृत्तीला ध्वनिमुद्रणातले श्रोते ओरडले, तेव्हा त्यांतल्या एकाच्या तोंडून नकळत 'वा' निघून गेला.