आठ जणांचे पहिले जलपर्यटन

व्यापारी घरात सौदा करण्याची एक रीत असते. माल कितीही मोहक दिसला तरी त्याचा भाव, वाहतूक, घट आणि उधारी यांचा हिशेब मांडल्याशिवाय होकार दिला जात नाही. सहलीच्या बाबतीत मात्र हीच घरे पुष्कळदा सुंदर छायाचित्र पाहून पैसे भरून मोकळी होतात. जमिनीवरील सहलीत ही घाई खपून जाते. हॉटेल आवडले नाही तर बदलता येते, जेवण जमले नाही तर दुसरे भोजनालय शोधता येते. जहाजाची गोष्ट निराळी आहे. तिथे वाहन, निवास आणि स्वयंपाकघर ही तिन्ही एकाच छताखाली असतात आणि नांगर उचलल्यावर त्यांपैकी एकही बदलता येत नाही. म्हणून क्रूझची निवड ही खऱ्या अर्थाने घरच्या बैठकीतच व्हावी लागते.

नागपूरकरांना समुद्र तसा परकाच. सर्वांत ओळखीचा मुंबईचा किनाराही आठशे किलोमीटरांहून दूर. तरीही जैन घरांच्या स्मरणात जहाज आहे. श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकत लहानाचे मोठे झालेल्यांना धवलशेठची मालाने भरलेली जहाजे ठाऊक असतात. समुद्र ओलांडून व्यापार करणारा श्रावक ही आपल्या कथांतील नवलाची गोष्ट नाही. तो जहाजावरही आपले नियम कसे सांभाळतो, हाच त्या कथांचा विषय असतो.

गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार करणाऱ्या एका कुटुंबापुढे हाच प्रश्न उभा राहिला. आजोबा-आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडे असे आठ जण. आजोबा-आजींच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. मोठा समारंभ करून हजार पाने उठवण्यापेक्षा सर्वांनी मिळून दूर कुठे तरी थंड प्रदेशात जावे, ही सूचना धाकट्या सुनेची. क्रूझ ही कल्पना नातवाची. आजोबांच्या गुडघ्यांना रोज नवे हॉटेल आणि रोज बांधाबांध झेपणारी नव्हती; जहाजात सामान एकदाच उघडायचे आणि गावे स्वतःच खिडकीशी येतात, हा त्याचा युक्तिवाद सर्वांना पटला.

आजींनी नकार दिला नाही, पण तीन अटी सांगितल्या. चौविहार मोडणार नाही. कांदा, लसूण, बटाटा नसलेले निर्दोष शाकाहारी अन्न मिळाले पाहिजे. आणि चातुर्मासात प्रवास नको. मुलांना प्रथम वाटले, या तीन अटींत क्रूझ बसणारच नाही. प्रत्यक्षात याच अटींनी निवडीचे काम सोपे केले.

समोर दोन पर्याय होते : नॉर्वे आणि अलास्का. नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, जगप्रसिद्ध आहेत. गाइरांगर फ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. परंतु उन्हाळ्यात उत्तर नॉर्वेला जाणारी अनेक जहाजे ध्रुववृत्त ओलांडून थेट नॉर्थ केपपर्यंत नेतात आणि तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. मध्यरात्रीचा सूर्य पाहण्यासाठी लोक हजारो मैलांवरून येतात. आजींनी मात्र विचारले, "सूर्य मावळणारच नसेल, तर माझे जेवण थांबायचे केव्हा?"

मोठ्या मुलाने सांगून पाहिले, "आई, मग तर तुला चोवीस तास मोकळीक!" त्यावर आजी हसल्या नाहीत. नियम सूर्यासाठी नसतो, तो आपल्या जिभेसाठी असतो, इतकेच त्या म्हणाल्या. दक्षिण नॉर्वेत, अगदी गाइरांगरलाही, सूर्य मावळतो. पण उत्तरेची सफर वगळायची असेल तर अलास्काचाही विचार करावा, असे ठरले. तिथली जूनो ही राजधानी ध्रुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस आहे. जूनच्या उत्तरार्धात तिथे सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. घड्याळ पाहता दहापर्यंत जेवायला हरकत नव्हती. आजींनी तरीही आपली वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे नागपूरच्या जूनमधील सूर्यास्ताची, ठरवून टाकली. जहाजावरील भोजनकक्ष संध्याकाळी साडेपाच-सहाला उघडतात. लवकरच्या पाळीची जागा आधीच राखून ठेवली की ही अडचण उरत नाही.

तारखांचा प्रश्न याहून अवघड होता. अलास्काच्या क्रूझ साधारण एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालतात. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो, तेव्हा बाहेर पडावे असे कोणालाही वाटेल. पण कापडाच्या पेढीला मे म्हणजे लग्नसराई. जुलैत चातुर्मास लागतो, पुढे पर्युषण आणि त्यानंतर दिवाळीची खरेदी. ऑगस्ट-सप्टेंबरात अलास्कात पाऊसही वाढतो. वजाबाकी करता करता जूनचा मधला पंधरवडा तेवढा हाती उरला. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे नातवंडांचाही खोळंबा नव्हता. त्या दिवसांत जूनोला दुपारचे तापमान पंधरा ते अठरा अंश असते. हिमनदीसमोर डेकवर उभे राहिल्यास वाऱ्याने ते बरेच कमी भासते. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालण्याचे तीन थर आणि वरून पाणी न शिरणारे जाकीट हा तिथला योग्य पोशाख.

बंदराची निवड करताना धाकट्या मुलाने नकाशा उघडला. सात रात्रींच्या सफरी मुख्यतः दोन बंदरांतून निघतात : अमेरिकेतील सिअ‍ॅटल आणि कॅनडातील व्हँकूव्हर. सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या प्रशांत महासागरातून जातात. व्हँकूव्हरची जहाजे बेटे आणि मुख्य भूमी यांमधील आडोशाच्या जलमार्गाने जातात. तिथे पाणी शांत असते आणि दोन्ही बाजूंना डोंगर व अरण्ये दिसत राहतात. प्रथमच जहाजात बसणाऱ्या वयस्कांसाठी हा फरक मोठा आहे. त्यांच्यासाठी खोलीही जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात.

सिअ‍ॅटल घेतले तर केवळ अमेरिकेच्या व्हिसावर भागेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांना लागून उतारूंची फेरी पूर्ण करता येत नाही. मध्ये परदेशी बंदर घ्यावे लागते. म्हणून सिअ‍ॅटलची जहाजेही कॅनडातील व्हिक्टोरियासारख्या बंदरावर थांबतात. भारतीय पारपत्रधारकाने दोन्ही देशांचे व्हिसा आधी काढावेत आणि मगच परत न मिळणारी रक्कम भरावी. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळण्यास कित्येक महिने लागू शकतात. त्यामुळे या कुटुंबाने आदल्या वर्षीच अर्ज केले.

जेवणाच्या बाबतीत तोंडी आश्वासनावर विसंबायचे नाही, असे मोठ्या सुनेने ठरवले. मोठ्या क्रूझ कंपन्या आगाऊ कळवल्यास भारतीय शाकाहारी आणि जैन पद्धतीचे जेवण देतात. परंतु 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. सूपमध्ये मांसाचे पाणी, केकमध्ये अंडे, मिठाईत जिलेटिन, चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. तिने प्रत्येक वर्ज्य पदार्थ नावानिशी लिहून पाठवला आणि उत्तर लेखी मागवले. स्वयंपाकघर एकच आहे, भांडी स्वतंत्र असतीलच असे नाही, हेही तिने आजींपासून लपवले नाही. आजींनी विचार करून सांगितले की त्या सात दिवसांत त्या मुख्यतः फळे, दूध, भात-वरण आणि घरचा खाखरा यांवर राहतील. खोलीत विजेची शेगडी किंवा कुकर वापरण्यास जहाजावर मनाई असते, हे येथे ध्यानात ठेवावे. कोरडे पदार्थ बांधून न्यावेत. ताजी फळे मात्र जहाजावरून किनाऱ्यावर नेऊ नयेत.

खर्चाच्या पत्रकात जाहिरातीतील भाडे ही केवळ पहिली ओळ असते. ते बहुधा एका खोलीत दोघे धरून, माणशी दिलेले असते. त्यात बंदराचे कर, सेवकांची बक्षिसी, किनाऱ्यावरील सहली, इंटरनेट आणि विमानभाडे मिळवावे लागते. बक्षिसी माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर धरतात. अठरा डॉलर धरले तर आठ जणांचे सात दिवसांत १,००८ डॉलर होतात. ही रक्कम कोणी आधी सांगत नाही. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे, प्राप्तिकरात वळता होणारा आगाऊ भरणा आहे. पण विवरणपत्र भरेपर्यंत पैसा अडकतो, हे व्यापाऱ्याने गृहीत धरावे. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच्या चढ्या दरासाठी सात लाखांची मर्यादा होती, एप्रिल २०२५ मध्ये ती दहा लाख करण्यात आली होती; दर व मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने पैसे भरण्यापूर्वी चालू नियम सनदी लेखापालाला विचारावा. प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम त्याच्याच खात्यातून गेली तर वळती करणे सोपे जाते. जहाजावरील वैद्यकीय उपचार महाग असतात. म्हणून समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च देणारा विमा ज्येष्ठांसाठी अनिवार्य समजावा.

पाहायचे काय, याचीही निवड करावी लागते. ग्लेशियर बे हे या मार्गावरील राष्ट्रीय उद्यान. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेला तिथे उपसागर जवळजवळ दिसलाच नाही. मुखाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर पोहोचले, तेव्हा बर्फ सुमारे पन्नास किलोमीटर मागे सरकलेले होते. आज तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, आणि उद्यानाचे वनरक्षक जहाजावर येऊन माहिती सांगतात. सर्वच सफरी या उपसागरात जात नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत नाव पाहूनच नोंदणी करावी. किनाऱ्यावरील सहलींपैकी मासेमारीची सहल या घराने अर्थातच वगळली. त्याऐवजी उन्हाळ्यात हवाईहून अलास्काकडे येणारे कुबडे देवमासे दुरून पाहण्याची सहल घेतली. इतका मोठा जीव आपल्या घरी निश्चिंत पोहताना पाहावा, यासाठी आजीही तयार झाल्या.

आजोबांचे लक्ष स्कॅगवेकडे होते. १८९६ मध्ये क्लोंडाइक भागात सोने सापडल्यावर हजारो माणसे या गावातून डोंगरघाटाकडे धावली. कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला होता की वर्षभराची शिधासामग्री जवळ असल्याशिवाय कोणाला आत सोडायचे नाही. सर्व सामान मिळून ते ओझे जवळपास एक टन भरे. सोने फार थोड्यांना मिळाले. खोदणाऱ्यांना पीठ, फावडी आणि बूट विकणाऱ्या कित्येक दुकानदारांचे मात्र चांगलेच बस्तान बसले. तिथली नॅरोगेज रेल्वे १९०० मध्ये पूर्ण झाली आणि आजही प्रवाशांना घाटावर नेते. मोतीबागेचे नॅरोगेज संग्रहालय पाहिलेल्या नागपूरकराला ती गाडी आपलीशी वाटेल.

सगळे जमले, तरी एक प्रश्न बाकी होता आणि तो कोणी उच्चारत नव्हते. या घराच्या आजवरच्या प्रत्येक सहलीत एक भाऊ मागे राहिला होता. शिखरजीला थोरला गेला तेव्हा धाकटा गादीवर होता. काश्मीरला धाकटा गेला तेव्हा थोरला. आठही जण एकत्र आहेत असे प्रवासातील एकही छायाचित्र घरात नव्हते. यावेळीही थोरल्याने हळूच सांगितले, "तुम्ही सगळे जाऊन या, पेढी मी पाहतो." धाकटा म्हणाला, "दादा, मागच्या वेळी मी गेलो होतो. या वेळी मी थांबतो."

आजोबांनी दोघांचे ऐकून घेतले. मग ते म्हणाले की पन्नास वर्षांत त्यांनी पेढी सलग तीन दिवसांहून अधिक बंद ठेवली नाही, अगदी स्वतःच्या बहिणीच्या आजारपणातही नाही. आणि त्यातून वाचलेले नेमके किती रुपये होते, हे त्यांना आज एकाही वहीत सापडत नाही. पेढी बंद ठेवायची नाही. मुनीमजी तीस वर्षे घरात आहेत. सोळा दिवसांचे व्यवहार त्यांच्या हाती द्यायचे, उधारीची मर्यादा लिहून द्यायची आणि मोठ्या रकमेचे धनादेश परत आल्यावर काढायचे. दोघे भाऊ नसतील तर आपण जाणार नाही, हेही त्यांनी त्याच स्वरात सांगितले. त्यानंतर चर्चा झाली नाही.

त्याआधी हिवाळ्यात मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजाची दोन रात्रींची सफर करून पाहायचे ठरले आहे. आजींना समुद्र लागतो का, आजोबांना जिने झेपतात का आणि जहाजावरचे जैन ताट खरोखर कसे असते, हे थोड्या खर्चात कळेल. पहिली मोठी क्रूझ ठरवणाऱ्या प्रत्येक घराने ही तालीम करून घ्यावी. दोन रात्रींत काही बिनसले तर हानी लहान आणि शिकवण मोठी असते.

अलास्काच्या नोंदणीचा अर्ज थोरल्या सुनेने भरला. चार खोल्या, एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी. आहाराच्या रकान्यात तिने आजींच्या अटी एकेक करून लिहिल्या. उतारूंची संख्या विचारणारा रकाना आला, तेव्हा तिने दोन्ही भावांकडे एकदा पाहिले आणि आठचा आकडा लिहिला.