चादरीची पिशवी

परदेशात माझ्या वाट्याला आलेल्या मुक्कामांपैकी जे मनात टिकले, त्यांतला एकही हॉटेलातला नाही. किल्ल्यात झोपले, जहाजावर झोपले, चर्चच्या मनोऱ्यात झोपले, हिमनदीच्या काठी झोपले. या सगळ्या ठिकाणी अंगाखाली कापड एकच होतं: आईनं शिवलेली चादरीची पिशवी. पांढरी सुती चादर उभी दुमडायची, तळ आणि एक बाजू शिवून टाकायची, वरच्या टोकाला उशी सरकवायला खण ठेवायचा. एवढीच ती.

आईनं ती शिवली हिमालयातल्या ट्रेकसाठी. यूथ हॉस्टेल या संस्थेच्या ट्रेकला पुण्या-मुंबईची कॉलेजातली मुलं मे महिन्यात घोळक्यानं जायची, अजूनही जातात. तंबूत मिळणाऱ्या स्लीपिंग बॅगेत आदल्या रात्री दुसरं कुणीतरी झोपलेलं असायचं, म्हणून आत आपली चादर. ‘नुसती चादर रात्रीतून गोळा होते गं, शिवूनच देते,’ म्हणत आईनं मशीन उघडलं. पुढे त्याच संस्थेचं ओळखपत्र घेऊन मी युरोपात गेले. परकीय चलन तेव्हा मोजूनमापून मिळायचं, हॉटेलचा विचारसुद्धा शक्य नव्हता. तिथल्या यूथ हॉस्टेलांचा नियम होता: शिवलेली चादर सोबत आणा, नसेल तर इथे भाड्यानं घ्या. आईला हा नियम ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. कुठल्या कोण माणसांना आणि माझ्या आईला एकाच अडचणीवर एकच उपाय सुचला, याचा त्या दिवशी झालेला आनंद अजून ताजा आहे.

या वसतिगृहांमागचा माणूस मला नंतर कळला. रिचर्ड शिर्मान हे जर्मनीतल्या आल्टेना गावचे शाळामास्तर. कारखान्यांच्या भागात वाढणारी मुलं रानावनात चालली पाहिजेत, असा त्यांचा ध्यास होता. २६ ऑगस्ट १९०९ रोजी मुलांना घेऊन ते पायी सहलीवर असताना ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना वादळानं गाठलं. एका गावच्या शाळेत आसरा मिळाला. बाकं बाजूला सारली, जमिनीवर गवत पसरलं, एका शेतकऱ्यानं दूध दिलं. मुलं झोपी गेली आणि मास्तर विजांच्या कडकडाटात जागे राहिले. सुट्टीत शाळा रिकाम्या पडलेल्या असतात, त्या चालणाऱ्या मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्या रात्रीचा. त्यातूनच १९१४ साली आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. १९३३ नंतर नाझींनी ही सगळी वसतिगृहं हिटलर यूथच्या ताब्यात दिली. एवढं होऊनही ती कल्पना तगली, देशोदेशी पसरली.

आल्टेनाला मी मुद्दाम गेले. खाली लेन नदी, वर दगडी किल्ला. पहिल्या दिवसांतल्या खोल्या तिथे संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. जड लाकडाचे बंक आहेत. त्या पलंगांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. या वसतिगृहांची रीत मनात घोळत होती: परवडत नाही म्हणून कुणावर दया करायची नाही, की वरून उपकारही दाखवायचा नाही. चादर तुझी, खोली झाडायचं काम तुझं, छप्पर आमचं. मला तरी प्रवाशाला मान देण्याची याहून चांगली रीत माहीत नाही. माझ्या त्या पहिल्या प्रवासात सकाळी कुठे जिना झाडावा लागे, कुठे कपबशा विसळाव्या लागत. दिवसा दारं बंद, रात्री ठरलेल्या वेळेआधी परत यायचं. बायकांच्या आणि पुरुषांच्या खोल्या वेगळ्या. घरून एकटीनं निघालेल्या मुलीला ही शिस्त मोठा आधार होती.

स्टॉकहोमला ‘आफ चॅपमन’ नावाचं शिडाचं जहाज आहे. १८८८ साली इंग्लंडात बांधलेलं हे जहाज १९४९पासून यूथ हॉस्टेल म्हणून एका बेटाला बांधून उभं आहे. गोल खिडकीतून समोर जुनं शहर दिसतं. पॅरिसच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या पुस्तकांच्या दुकानात मात्र मी झोपले नाही, नुसती हिंडून आले. जॉर्ज व्हिटमन यांनी ते १९५१ साली सुरू केलं. लिहू पाहणाऱ्या भटक्यांना पुस्तकांच्या कपाटांमधल्या बाकांवर ते फुकट झोपू देत. अटी तीन: दुकानात थोडा वेळ काम करायचं, रोज एक पुस्तक वाचायचं, आणि जाण्यापूर्वी पानभर आत्मचरित्र लिहून ठेवायचं. व्हिटमन २०११ साली गेले, ९८ वर्षांचे होऊन.

मग लग्न, नोकरी, मुलगी. पिशवी कपाटात गेली. मुलगी कॉलेजात गेल्यावर मी ती पुन्हा काढली आणि स्पेनमधल्या सांतियागोच्या पायवाटेवर चालायला गेले. या वाटेवर गावोगावी ‘अल्बेर्गे’ म्हणजे यात्रेकरूंचे निवारे असतात. यात्रेकरूचा परवाना दाखवायचा, त्यावर शिक्का घ्यायचा, साधारणपणे एकच रात्र राहायचं, रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत बाहेर. ग्रान्योन या छोट्या गावात सेंट जॉनच्या चर्चच्या मनोऱ्यातच निवारा आहे. पलंग नाहीत, पातळ गाद्या जमिनीवर. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून भाजी चिरायची, एका लांब टेबलावर जेवायचं, भांडी घासायची. दर नाही. पैशांची पेटी उघडी असते. जमेल तेवढं टाका, आणि लागत असेल तर त्यातून घ्याही, असा तिथला रिवाज. तिथे मला वारी आठवणं साहजिकच होतं, पण फरकही जाणवला. आपल्या दिंडीच्या राहुट्या वारकऱ्यांबरोबर मुक्काम बदलत पुढे सरकतात. इथे छप्पर जागच्या जागी राहतं आणि स्वयंसेवक रोज नव्या माणसांची वाट पाहतात.

परदेशातला सर्वांत उंचावरचा मुक्काम स्वित्झर्लंडमधला. युंगफ्राउयोखला मराठी पर्यटक ढिगानं जातात. ३४५४ मीटरवरच्या त्या रेल्वे स्टेशनातून आलेट्श हिमनदीकडे पाहून फोटो काढतात आणि परततात. त्याच हिमनदीवरून वाटाड्याच्या दोरीला बांधून घेऊन काही तास उतरत गेलं, की कोंकोर्डिया हट लागते. स्विस आल्पाइन क्लबची ही हट, म्हणजे गिर्यारोहकांचा निवारा, २८५० मीटरवर, कड्याला टेकून आहे. १८७७ साली ती पहिल्यांदा बांधली तेव्हा हिमनदी तिच्या सुमारे ५० मीटर खाली होती. आता बर्फ दीडशे मीटरांहून जास्त खाली गेला आहे. कड्यावर लोखंडी जिना बसवलेला आहे, चारशेवर पायऱ्यांचा. बर्फ खचेल तसा तो खालून वाढवत न्यावा लागतो. मी एकेक पायरी चढत होते आणि प्रत्येक पायरी म्हणजे वितळून गेलेला बर्फ आहे, हे कळत होतं. पृथ्वी तापते आहे हे वाचलं पुष्कळ होतं. ते पायांना कळलं तिथे. कुठल्याही हॉटेलच्या जिन्यानं मला इतकं अस्वस्थ केलेलं नाही.

अशा हटमध्ये बूट दाराशी काढून तिथल्या सपाता घालायच्या. वहीत नाव, कुठून आलो, उद्या कुठे जाणार हे लिहायचं. जेवण सगळ्यांना एका वेळी. झोपायला एक लांब फळी, तिच्यावर गाद्या एकीला एक लागून, बायका-पुरुष एकाच रांगेत. इथे शिवलेली चादर सक्तीची आहे, कारण पांघरुणं रोज धुवायला त्या उंचीवर पाणी नाही. अनोळखी माणसांच्या मधोमध मी त्या पिशवीत शिरले आणि ती पांढरी कड माझी खोली झाली. पहाटे तीनला गिर्यारोहक उठून गेले. मी कूस बदलून पुन्हा झोपले.

यूथ हॉस्टेलांतून मात्र ही पिशवी आता हद्दपार झाली आहे. चादर तेच देतात, ढेकणांच्या भीतीनं घरची चादर कित्येक ठिकाणी चालतही नाही, आणि झाडायचं काम कुणी सांगत नाही. स्वच्छता वाढली हे चांगलंच झालं, पण कामाची वाटणी गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. हॉटेल नको म्हटलं की आज लोक ॲपवर फ्लॅट शोधतात. त्यात मात्र माझं मन रमत नाही. ज्या घरात कुणी गावकरी राहू शकला असता, तिथे आपण तीन रात्रींसाठी उतरतो. बार्सेलोनात भाडी इतकी चढली, की पर्यटकांच्या अशा दहा हजारांवर फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवण्याचं २०२४ साली महापालिकेनं जाहीर केलं. मला ते योग्य वाटतं.

तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना आल्प्समध्ये जायचं असेल, तर एखादी रात्र तरी हटमध्ये राहा. एका डबल चादरीत पिशवी होते. उन्हाळ्यात जागा आधी राखून ठेवावी लागते. बेत बदलला तर फोन करून अवश्य कळवा: न पोचलेल्या माणसाची तिथे वाट पाहिली जाते, आणि काळजीचं कारण दिसलं तर शोधायला माणसं बाहेर पडतात.