काच खाली न करता

रस्ता विचारण्याचं आपल्याकडे फार कौतुक आहे. गप्पांत, प्रवासवर्णनांत, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी सांगतंच, की पारावर बसलेल्या आजोबांना वाट विचारली, त्यांनी काठीनं दिशा दाखवली आणि वर घरी नेऊन चहा पाजला. हे सगळं खरं आहे. असा चहा मीही प्यायले आहे. पण या गोष्टी सांगणारे बहुतेक पुरुष असतात आणि गोष्ट घडलेली असते दिवसाउजेडी. डिसेंबरच्या अंधारात, एकटीनं गाडी चालवणाऱ्या बाईला अनोळखी फाट्यावर थांबून काच खाली करावी लागते तेव्हा काय होतं, ते या गोष्टींत येत नाही.

बँकांच्या शाखांची तपासणी हे माझं काम. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मंडणगड, दापोली, गुहागर, पोलादपूर असे तालुके माझ्याकडे होते. शाखेतलं काम संपायचं कॅश बंद झाल्यावर, आणि मग मॅनेजर चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. निघेपर्यंत दिवस बुडालेला असायचा. मंडणगडहून म्हाप्रळकडे उतरताना मध्येच रस्ता दोन फाट्यांत फुटतो, पाटी करवंदीच्या जाळीत गेलेली असते, आणि टपरीच्या बल्बखाली तीन-चार जण बसलेले असतात. थांबायचं. काच खाली करायची. "म्हाप्रळला हाच रस्ता ना?"

रस्ता लगेच कळत नसे. आधी प्रश्न येत. "कुठनं आलात मॅडम?" "सोबत कोण नाय?" "एकट्याच? येवढ्या रातच्या?" मग कुणीतरी हात उजवीकडे करी. त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. एकदा तर त्यांच्यातलाच एक जण मोटारसायकल काढून पुढच्या वळणापर्यंत मला सोडायला आला होता. तरी गाडी पुढे निघाली की पोटात खड्डा पडायचा. ही गाडी कुणाची, कुठे चालली आहे, आत बाई एकटी आहे आणि तिला रस्ता ठाऊक नाही, हे आता चार अनोळखी माणसांना माहीत होतं. मला वाट कळायची आणि तिच्या बदल्यात माझी सगळी माहिती फाट्यावर राहायची. हा सौदा पुरुषांना सहसा दिसतही नाही, कारण त्यांना त्यात गमवायचं काही नसतं.

आमच्या आईनं जन्मभर पुणे-चिपळूण प्रवास एसटीनं केला. कुंभार्ली घाट सुरू झाला हे तिला पोटात ढवळायला लागलं की कळे, मग ती पदराच्या गाठीतून आवळासुपारी काढी. बाहेर पाटण गेलं की कोयनानगर, हे तिला सांगता येत नसे. अडाणी होती म्हणून नव्हे. घरचा जमाखर्च तिच्या तोंडी असे. रस्ता ही वडिलांची आणि मामाची बाब होती आणि तो तिनं लक्षात ठेवावा अशी अपेक्षा कुणी केलीच नाही. नकाशा तर आमच्या घरात भूगोलाच्या पुस्तकाबाहेर नव्हताच. किनारपट्टीचे तपशीलवार सरकारी नकाशे सामान्य माणसालाही त्या काळी सहज मिळत नसत. नकाशांवरची ही बंधनं बऱ्याच अंशी सैल झाली ती अगदी अलीकडे, फेब्रुवारी 2021 मध्ये.

माझ्या फिरतीच्या त्या दिवसांत बाजारात गाडीत लावायचे जीपीएस नुकतेच दिसायला लागले होते. गार्मिन, टॉमटॉम, मॅपमायइंडिया. मी घेतलेलं यंत्र तळहाताएवढं होतं. पुढच्या काचेला रबरी वाटी दाबून चिकटवायची, खटका खाली ओढायचा, वायर सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची. मे महिन्यात रबर मऊ पडून ते भर घाटात मांडीवर येऊन पडे. काढून ठेवलं तरी काचेवर गोल वळ राही, आणि आत महाग वस्तू असणार हे चोराला त्यावरून कळतं म्हणून गाडी लावताना तो वळ रुमालानं पुसून टाकायची सवय लागली. खंडाळ्यात जिथे जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग अंगाला अंग घासून जातात, तिथे त्याचा गोंधळ उडे आणि जिथे वळायला जागाच नाही तिथे वळा म्हणे. बोगद्यात गेलं की मुकं होई.

मला सगळ्यांत आवडायची ती सकाळ. मुक्कामाच्या गावी अंगणात गाडी असायची. यंत्र सुरू केलं की ते आधी काहीच सांगत नसे. त्याला उघडं आकाश लागे. आंब्याच्या सावलीतून गाडी दोन हात पुढे घ्यायची आणि थांबायचं. पडद्यावर करड्या रंगाच्या उभ्या पट्ट्या असत, एकेका उपग्रहाची एकेक. त्यातली एक हलके हलके उंच होई, रंग बदली, मग दुसरी. कधी तिसरी येऊन परत जाई. चौथी भरली की नकाशा उघडे आणि मी जिथे उभी आहे तिथे एक छोटा बाण उमटे. आजूबाजूला कोंबड्या फिरत असत, घरातल्या आजी तांब्या घेऊन बाहेर आलेल्या असत, आणि साधारण 20,200 किलोमीटर वरून आलेल्या चार हाका माझ्या डॅशबोर्डावर एकत्र होत.

चारच का, हे मी मुद्दाम समजून घेतलं. प्रत्येक उपग्रह एवढंच सांगत असतो, की मी अमुक आहे, इथे आहे आणि आता इतके वाजलेत. हाक पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला यावरून अंतर निघतं. तीन अंतरांवरून जागा ठरते आणि चौथ्यावरून यंत्र स्वतःचं साधं घड्याळ नीट लावून घेतं, कारण उपग्रहात अणुघड्याळ असतं तसं त्याच्याकडे नसतं. वेळेत एका सेकंदाचा दहा लाखावा भाग इकडचा तिकडे झाला तर जागा 300 मीटरनं हलते. फाटा चुकायला तेवढं पुरे. त्यातही वरच्या घड्याळांचा वेग आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे खालच्यापेक्षा वेगळा पडतो, रोज 38 मायक्रोसेकंदांनी ती पुढे जातात, आणि तेवढी दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती तर एका दिवसात काही किलोमीटरांची चूक साचली असती. मंडणगडच्या अंधारात मला उजवीकडे वळा म्हणणाऱ्या आवाजामागे एवढं सगळं उभं होतं. हे कळल्यावर त्या यंत्राबद्दल मला जो आदर वाटला तो आजही कमी झालेला नाही.

आणि यातली खरी गोष्ट पुढे आहे. हाका वरून खाली येतात. खालून वर काहीच जात नाही. यंत्र फक्त ऐकतं. उपग्रहाला माझी गाडी माहीत नाही, माझं नाव माहीत नाही, खाली कुणी ऐकतंय हेसुद्धा माहीत नाही. आकाशवाणी ऐकणाऱ्याचा पत्ता आकाशवाणीला कळत नाही, तसंच. मी कुठे आहे हे मला कळत होतं आणि दुसऱ्या कुणालाही कळत नव्हतं. टपरीच्या बल्बखालून मी काच न उतरवता पुढे गेले त्या संध्याकाळी हे मला डोक्यात नव्हे, खांद्यांत जाणवलं. ते सैल झाले होते.

ही यंत्रणा उभारली अमेरिकेच्या सैन्यानं, आपल्या लढायांसाठी. ती सगळ्यांना मिळावी याला कारण झाली एक वाट चुकल्याची घटना. 1 सप्टेंबर 1983 रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान आपल्या मार्गापासून भरकटत सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सखालिन बेटाजवळ लढाऊ विमानानं ते पाडलं. 269 माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारनं जाहीर केलं, की जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठीही खुलं राहील. तरी पुढे कित्येक वर्षं नागरी संकेतात जाणूनबुजून चूक मिसळली जाई, शंभरेक मीटरपर्यंतची. मे 2000 मध्ये क्लिंटन यांच्या आदेशानं ती भेसळ बंद झाली, आणि त्यानंतरच गाडीतली अशी यंत्रं खऱ्या अर्थानं कामाची झाली. आपली वाट चुकून मेलेल्या त्या माणसांची मला कुंभार्लीच्या धुक्यात अनेकदा आठवण आली आहे.

दाभोळची फेरीबोट हा माझ्या फिरतीतला सुखाचा भाग. गाडी बोटीवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद. सॉकेटची वीज गेली की यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चाले. खाली वाशिष्ठीचं मुख, पलीकडे धोपावे, शेजारी माशांच्या टोपल्या आणि शाळेची पोरं. गाडी जागच्या जागी उभी आणि पडद्यावर बाण निळ्यातून चाललेला, वेग ताशी अकरा किलोमीटर! नकाशात तिथे रस्ता नव्हता, म्हणून बाण कशालाच चिकटलेला नव्हता. एक कोळीण खिडकीशी वाकून म्हणाली, "बाय, ही आपली बोट हाय?" मी हो म्हटलं. तिनं बोटानं दाखवलं, पडद्याच्या कडेला रिकामी निळी जागा होती तिथे, आणि म्हणाली, "हितं खडक हाय. भरतीला दिसत नाय." तिनं आपणहून सांगितलं होतं. मला विचारलं काहीच नव्हतं.

माणसाकडे असलेलं हे ज्ञान यंत्रात कधीच नव्हतं, हे मी नाकारत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं अंधारात त्या पाण्यात गेली. त्या रात्री कुठल्याही नकाशात पूल जागच्या जागी होता. रस्ता पुढे नाही हे सांगायला रस्त्यावर माणसालाच उभं राहावं लागलं. त्या पुलावरून मी कितीतरी वेळा गेले होते. त्या बातमीनंतर पावसाळ्यात नदी ओलांडण्याआधी मी थांबते, काच खाली करते आणि विचारते, मग टपरीवर कुणीही बसलेलं असो. विचारणं वाईट नाही. ते सक्तीचं नसावं, एवढंच माझं म्हणणं आहे. कुणाला विचारायचं, कुठे विचारायचं, हे मी ठरवावं.

मग फोन आले आणि गाडीतली ती यंत्रं कपाटात गेली. माझंही गेलं. एप्रिल 2019 मध्ये जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा 1024 भरल्यावर पुन्हा शून्यावर आला. बरीच जुनी यंत्रं त्यानं गोंधळली. माझं काढून अंगणात धरलं तर चार पट्ट्या भरल्या, जागा अचूक दाखवली, आणि तारीख ऑगस्ट 1999 ची.

फोन उत्तम वाट दाखवतो. कोंडी दाखवतो, बंद पडलेला घाट दाखवतो. पण कोंडीची ती लाल रेघ उमटते, कारण हजारो फोन आपापली जागा कुणाला तरी कळवत असतात. फोन ऐकतो तसा बोलतोही. आणि घरोघरी त्याला एक नवीन काम लागलं आहे. मुलगी बाहेर पडली की पाठोपाठ सांगणं येतं, "लोकेशन टाक गं." काळजीपोटीच येतं. टपरीवरचे प्रश्नही पुष्कळदा काळजीपोटीच येत असत.

माझी भाची चिपळूणहून गुहागरला नोकरीसाठी गाडीनं जाते. परवा म्हणाली, "मावशी, शृंगारतळीला वडापाव खायला थांबले तरी पप्पांचा फोन येतो, का थांबलीस म्हणून. मी सत्तावीस वर्षांची आहे." तिच्या आवाजात चीड होती आणि तिला वाटत होतं की यावर उपाय नाही. मी तिला जुनं यंत्र दाखवलं. पट्ट्या भरताना ती टक लावून बघत राहिली. मग तिच्याच फोनवर कोकणचा नकाशा उतरवून घेतला, फोन विमान मोडवर टाकला, आणि दोघी गच्चीवर गेलो. नेटवर्क गेलं होतं, तरी निळा ठिपका आला, नेहमीपेक्षा थोडा उशिरा. "म्हणजे हे चालतं?" ती म्हणाली. चालतं. वरून येणारं ऐकायला नेटवर्क लागत नाही. अडचण आलीच तर एका बोटानं मोड काढायचा आणि फोन करायचा, हे तिला मी सांगितलं. ते तिला सांगायची गरज नव्हती.

सोमवारी ती तशीच गेली. मार्गताम्हान्याला थांबली, शृंगारतळीला थांबली, बाजारातून हिंडली, आणि गुहागरला पोचल्यावर घरी फोन केला, पोचले म्हणून. मेहुणे माझ्यावर अजून रागावलेले आहेत. "तू तिला भलतंच शिकवलंस," असं दोनदा म्हणून झालं. मी त्यांना म्हटलं, पोचल्यावर ती फोन करते ना? करते, म्हणाले. मग तेवढ्यावर विश्वास ठेवा. ती आठवड्यातले तीन दिवस तशी जाते, उरलेले दिवस लोकेशन चालू ठेवते. कोणते दिवस कसे, ते तीच ठरवते.